रहस्यकथेतलं चिमुकलं पिस्तूल: पॉइंट टू फाइव्हने माणूस मरतो का हो?

फेरीबोट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकाला एक रहस्यकथा कबूल करून बसलोय आणि खून अडलाय. म्हणजे खून झालाय, पण तो कुणाला पटत नाहीये.

कथा गोव्यातल्या दिवाडी बेटावरची. जुनं घर, पुढे बाल्कांव (बसायचा ओटा), आत ऐंशी वर्षांचे एकटे भाटकार (जमीनदार). जूनचा पाऊस. रात्री एक पाहुणा येतो, गप्पा होतात. मग तो कोटाच्या खिशातून तळहातात मावेल एवढं पॉइंट टू फाइव्हचं पिस्तूल काढतो, नळीला सायलेन्सर लावतो. 'फुस्स' असा आवाज होतो, भाटकार खुर्चीसकट मागे उलटतात आणि जागच्या जागी खलास. खोलीभर कॉर्डाइटचा वास. खुनी शेवटची फेरीबोट पकडून जुन्या गोव्याला उतरतो.

म्हापशाला आमची चौकडी जमते, तिथे वाचून दाखवली. एकाने विचारलं, "कोट? दिवाडीत? जूनमध्ये?" मान्य. कोट काढला. दुसरा जन्मभर आर्मीत होता. तो म्हणाला, पॉइंट टू फाइव्ह म्हणजे डासांचं औषध, तुझा भाटकार उठून त्या पाहुण्याच्या कानफटात देईल. तिसरी म्हणाली, असं कसं, बाँडकडे तेच होतं की! मग तासभर भांडण झालं. भजी संपली, निकाल लागला नाही.

मी आयुष्यात हातात धरलेली एकमेव बंदूक जत्रेतली, फुगे फोडायची. आणि फुगा वाचला होता. तेव्हा जाणकारांनी सांगावं: एवढ्याशा पिस्तुलाने खून होतो का, आणि होत असेल तर तो दिसतो कसा?

पोदेर_आला

भाटकाराने कानफटात दिली तर कथा दोन पानांत संपेल. मानधन पानावर आहे की कथेवर?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

पावणेसात

बाँडचा मुद्दा निघालाय म्हणून. इयन फ्लेमिंगच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत बाँडकडे .२५ ची बेरेटा आहे, हे खरं. पण तुमच्या आर्मीवाल्या मित्राचं म्हणणंही खुद्द फ्लेमिंगला एकाने ऐकवलं होतं. जेफ्री बूथरॉइड नावाचा बंदुकांचा जाणकार वाचक. १९५६ साली त्याने पत्र लिहिलं की हे बायकांच्या पर्समधलं पिस्तूल आहे, तुमच्या नायकाला शोभत नाही. त्याने सुचवली होती रिव्हॉल्व्हर. फ्लेमिंगने सल्ला अर्धाच ऐकला. १९५८ च्या 'डॉक्टर नो' मध्ये बाँडची बेरेटा काढून घेतली जाते आणि त्याला वॉल्थर पीपीके मिळते. ती काढून घेण्याचं कारण म्हणजे आधीच्या कादंबरीत बेरेटा ऐन वेळी कपड्यात अडकलेली असते. आणि बदल सुचवणाऱ्या पात्राचं नाव फ्लेमिंगने मेजर बूथरॉइड ठेवलं. वाचकाचे आभार मानायची ही पद्धत मला फार आवडते. फेरीबोट, तुमच्या फौजदाराला या धाग्यावरचंच एखादं नाव द्या.

गंमत अशी की नवीन आलेली पीपीके ७.६५ ची, म्हणजे .३२. तोही लहान बोअरच (नळीचा व्यास)! डासांच्या औषधातून झुरळांच्या औषधात आला, एवढंच.

अवांतर: बाँड झालेला रॉजर मूर आपल्याकडे येऊन गेलाय. 'द सी वुल्व्हज' (१९८०), १९४३ साली मुरगाव बंदरात जर्मन जहाजावर झालेल्या छाप्यावरचा सिनेमा.

दहा_पॉइंट_नऊ

मी कोल्हापूरची, सध्या नोकरीनिमित्त पर्वरीत. नेमबाजी करते, .२२ पिस्तूल. त्यामुळे 'डासांचं औषध' वगैरे वाचून जरा चिडचिड झाली, ती आधी ओकून घेते. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक घेतलं ते .२२ नेच. २५ मीटरच्या त्या पिस्तुलाचा चाप ओढायला किमान १ किलोचा जोर लागेल असा असावा लागतो, नियमच आहे. खेळणं नव्हे ते.

आता मुद्दा. .२२, .२५, .३२ हे आकडे म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात. .२५ म्हणजे ६.३५ मिमी, .३२ म्हणजे ७.६५. पण दोन गोळ्यांचा व्यास सारखा असला तरी काडतूस लांब की आखूड, दारू किती, यावर सगळं ठरतं. त्यामुळे 'बोअर मोठा म्हणजे जोर मोठा' हेही धड खरं नाही.

फेरीबोट, तुमचा भाटकार खुर्चीसकट उलटतो ना? एक हिशेब करून बघा. .२५ ची गोळी सव्वातीन ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २३० मीटर. ऊर्जा येते ८५ ज्यूलच्या आसपास. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा, त्याची ऊर्जा १२० ज्यूल! आणि ढकलण्याचा जोर म्हणाल, म्हणजे संवेग, तर चेंडूचा गोळीच्या आठपट. चेंडू बरगडीत बसून फलंदाज कळवळतो, स्टंपांसकट उडून यष्टिरक्षकाच्या मांडीवर जाऊन पडत नाही. मग गोळीने कसा उडेल? साठ किलोच्या माणसाला ती गोळी सेकंदाला एक-सव्वा सेंटिमीटर वेग देईल. मुंगी बरी. नऊ मिमीची गोळी पाच-सहापट ऊर्जेची असते, पण तीही माणसाला उडवत नाही. उडवायचं काम सिनेमातली दोरी करते.

फरक एवढाच की चेंडू बाहेर राहतो आणि गोळी आत जाते. मरण त्यात आहे, धक्क्यात नाही. पुढचं डॉक्टरांनी सांगावं, आहेत इथे.

पोदेर_आला

मुंगी बरी =)) हे वाक्य भाटकाराच्या तोंडी घाला. मरताना.

शवागारातला_चहा

आले. बोलावणं पोचलं.

उमेदवारीच्या काळात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाहिलेल्या बंदुकीच्या जखमा बहुतेक रानातल्या. चार जण रात्री शिकारीला जातात, झुडूप हलतं, चाप ओढला जातो, आणि झुडपात आपलाच सोबती असतो. छर्रे. दिवाणखान्यातला, पाहुण्याने गप्पा मारून केलेला खून मी एकही पाहिला नाही, त्यामुळे तुमच्या भाटकाराबद्दल मला जरा आपुलकी वाटतेय.

पिस्तुलाच्या गोळीने माणूस 'जागच्या जागी' केव्हा पडतो? मेंदू किंवा मानेतला मज्जारज्जू गेला तर. बाकी कुठेही लागली तर तो रक्तस्रावाने पडतो आणि त्याला वेळ लागतो. अगदी हृदयच बंद पडलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो. दहा सेकंद मोजून बघा, फार मोठी असतात. तेवढ्यात माणूस चालतो, बोलतो, भांडतो. आणि लहान गोळीने यकृत किंवा फुप्फुस फाटलं तर ही सेकंदं नाहीत, मिनिटं होतात. कधी तास.

१९८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर .२२ च्या रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या गेल्या, दोन सेकंदांच्या आत. एकही थेट रेगनना लागली नाही. एक गाडीच्या चिलखती अंगावर आपटून चपटी झाली आणि डाव्या काखेखालून आत शिरली. त्यांना गोळी लागल्याचं कळलंच नाही! अंगरक्षकाने गाडीत ढकललं तेव्हा बरगडी मोडली असं वाटलं. रुग्णालयाच्या दारातून स्वतःच्या पायांनी चालत आत गेले आणि मग कोसळले. गोळी हृदयापासून इंचभर अंतरावर थांबली होती. त्याच सहा गोळ्यांतली एक जेम्स ब्रेडी या त्यांच्या प्रसिद्धी सचिवाच्या डोक्यात गेली. तो वाचला, पण कायमचा अधू झाला. २०१४ साली वारला तेव्हा त्या मृत्यूची नोंद खून म्हणून झाली. तेहतीस वर्षांनी. एकच हत्यार, एकच हात, तेच दोन सेकंद.

उलट १९६८ साली रॉबर्ट केनेडी .२२ च्याच गोळ्यांनी गेले. तेही लगेच नाही, सव्वीसेक तासांनी.

लहान गोळीची आणखी एक खोड. कवटीत शिरायला जोर पुरतो, पलीकडून बाहेर पडायला पुरत नाही. मग ती आतल्या आत भिंतीवर आपटून फिरते. बाहेरून बघाल तर केसांत लपलेलं एवढंसं भोक. कातडी ताणली जाऊन परत येते, त्यामुळे ते भोक गोळीपेक्षाही लहान दिसू शकतं. रक्त फारसं नाही. म्हणून शवविच्छेदनाला हात लावण्याआधी एक्स-रे काढतात. ऐंशी वर्षांचा एकटा माणूस, पाऊस, खुर्चीत बसलेला, रक्त नाही... घाईतला डॉक्टर हृदयविकार लिहून मोकळा होईल की हो! तुमची कथा इथे आहे, त्या 'फुस्स' मध्ये नाही.

फेरीबोट

ताई, __/\__. म्हणजे माझा भाटकार गोळी लागल्यावर उठून चालू शकतो?

शवागारातला_चहा

चालू शकतो, दिवा मालवू शकतो, दाराला कडी घालू शकतो.

मोगरा_पंचवीस

दाराला कडी घालू शकतो!!! पाहुणा गेल्यावर म्हातारा स्वतः आतून कडी घालतो, खुर्चीत येऊन बसतो आणि मरतो. बंद खोलीतला खून. फुकटात मिळाला की तुम्हाला!

पावणेसात

आणि कडी घालतो कारण? तो परत येईल या भीतीने. ऐकायलाच कसंतरी होतंय. घ्याच हे.

पंचनामा

उशिरा आलो. नोकरीत असताना पंचनामे लिहून हात दुखले, आता निवृत्तीनंतर इथे लिहितो.

फेरीबोट बाब, तुमच्या कथेत गोळीपेक्षा मोठ्या चुका आहेत, राग नसावा.

पहिली, सायलेन्सर. खिशातल्या पिस्तुलाची नळी पुढे बाहेर आलेलीच नसते, तो तुमचा सायलेन्सर लावणार कशाला? दुसरं म्हणजे आवाज 'फुस्स' होत नाही. वेग कमी असलेली .२२ ची गोळी असेल तर बऱ्यापैकी दबतो, पण आवाजापेक्षा वेगवान गोळी हवेत जो फटका मारते तो सायलेन्सरला ऐकत नाही. पिस्तुलाची पट्टी मागेपुढे होते त्याचा खटका वेगळा. आणि रिव्हॉल्व्हरला लावलेला दाखवतात ते तर सोडूनच द्या, चक्र आणि नळीच्या फटीतून वायू आणि आवाज दोन्ही बाहेर. एक नागान नावाची रशियन रिव्हॉल्व्हर तेवढी अपवाद. शिवाय आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणारं उपकरण हे स्वतःच 'अग्निशस्त्र' आहे. म्हणजे तुमच्या पाहुण्याने खिशात एक नाही, दोन बेकायदा हत्यारं आणली.

दुसरी, पुंगळी. पिस्तूल झाडलं की काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडते, बहुतेक वेळा उजवीकडे. रिव्हॉल्व्हरमध्ये ती चक्रातच राहते. तुमचा खुनी पुंगळी न उचलता फेरीबोट पकडायला धावला. ती सोफ्याखाली आहे. कुणी बघितली?

तिसरी, आणि ही मला सगळ्यात सलते. हत्यार आणलं कुठून? कथाकार मंडळी पिस्तूल असं देतात जसं काही पणजी मार्केटात भेंडीशेजारी मिळतं. आपल्याकडे ९ मिमी, .३८, .४५५ हे नागरिकांना बंदच. परवाना मिळालाच तर हातातलं हत्यार बहुतेक .३२. कानपूरची रिव्हॉल्व्हर किंवा 'अशनी' पिस्तूल. २०१४ ला बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढली, वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. तीही .३२ च. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, पूर्वी तीन वर्षांचा होता, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच. त्याच दुरुस्तीने तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. वर्षाला किती काडतुसं घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं आणि दुकानदार प्रत्येक खरेदी नोंदवतो. .२५ ची काडतुसं तुमचा पाहुणा कुठून आणणार? तो भाग कथेत नाही.

पेपरात वाचता ना, 'देशी बनावटीचे ७.६५ एमएमचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त'? लोकांना ७.६५ म्हणजे काहीतरी भयंकर वाटतं. ते .३२ च. त्या काडतुसाच्या बुडावर बऱ्याचदा 'केएफ' अशी अक्षरं असतात. केएफ म्हणजे खडकी. पुण्याचा दारूगोळा कारखाना. चोराचं पिस्तूल गावठी, पण गोळी सरकारी कारखान्यातली. ती कुणाच्या तरी परवान्यावर बाहेर पडलेली असते, मग वाट फुटते. आम्ही नेहमी आधी बूड बघायचो.

मोगरा_पंचवीस

आधी बूड बघायचो =)) =))

पंचनामा

काडतुसाचं, हो.

पोदेर_आला

आणि ते कॉर्डाइट राहिलं.

दहा_पॉइंट_नऊ

कॉर्डाइट म्हणजे बंदुकीची जुनी दारू, ब्रिटिशांची, १८८९ सालची. आजच्या पिस्तुलाच्या काडतुसात नसतं. पण रहस्यकथांत अजून दरवळतंय. रेंजवर वास येतो तो जळक्या दारूचा, थोडा दिवाळीतल्या टिकल्यांसारखा. ते लिहा, दिवाळी अंकच आहे.

शब्दवेडी

बंदुकीतलं काही कळत नाही, पण 'काडतूस' वरून आठवलं. तो शब्द पोर्तुगीज 'कार्तूशु' वरून आलेला. 'पिस्तूल' मागेही 'पिश्तोला' आहेच. म्हणजे खडकीत बनलेल्या वस्तूला आपण जे नाव देतो ते इथल्या बंदरातून वर गेलं. पाव, बटाटा, काजू यांच्याच पंगतीतलं.

एक शंका: रिव्हॉल्व्हर 'तो' की 'ती'? घरात आम्ही 'ते' म्हणतो.

पंचनामा

कागदोपत्री 'सदरहू रिव्हॉल्व्हर'. प्रश्न मिटला.

जुनं_बाड

लहान बोअरला हसणाऱ्यांसाठी जरा इतिहास. चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल अलाहाबादच्या संग्रहालयात आहे, कोल्ट, .३२. सॉन्डर्सवर भगतसिंगांनी १९२८ ला झाडलेलं पिस्तूलही .३२ चं कोल्टच. ते बरीच वर्षं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांत पडून होतं, क्रमांक जुळवल्यावर ओळख पटली. सारायेवोला १९१४ साली ज्याने महायुद्धाची वात पेटवली ते एफएन कंपनीचं ब्राऊनिंग १९१० मॉडेल, .३८०. पुष्कळ पुस्तकांत ते .३२ छापलंय, ते चूक. नाशिकला १९०९ साली जॅक्सनचा वध झाला तो लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीस ब्राऊनिंगपैकी एकाने, 'शारदा' च्या प्रयोगाला, विजयानंद थिएटरात.

यातलं कुठलंच हत्यार आडदांड नव्हतं, कारण ते खिशात, धोतरात, पुस्तकात लपवायचं होतं. लहान पिस्तूल ताकदीसाठी कुणी निवडत नाही. जॉन ब्राऊनिंगने १९०५ ला .२५ चं पिस्तूल काढलं ते बनियनच्या वरच्या बंडीच्या खिशात मावावं म्हणून. साडेअकरा सेंटिमीटर लांब, पावणेचारशे ग्रॅमच्या आत.

आता फेरीबोटींसाठी भेट. भाटकाराच्या घरात .२५ पेक्षा शोभेल अशी एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगालने अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीकडून ७.६५ ची पिस्तुलं घेतली. पोर्तुगीज नाव एम/९०८ आणि एम/९१५. पुढे ती तिकडच्या 'ग्वार्दा नासियोनाल' या सशस्त्र पोलीस दलाला गेली. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, त्या काळात एवढ्या चिमुकल्या पिस्तुलात ते नवल होतं. तुमच्या भाटकाराच्या वडलांना एखाद्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने लिस्बनला परत जाताना दिलं, १९६१ नंतर पेटाऱ्याच्या तळाशी गेलं, कुठल्याच वहीत नोंद नाही. ही कल्पना हो, पुरावा मागू नका.

रोखठोक

जुनं_बाड, ३० जानेवारीचं पिस्तूल सोयीस्करपणे विसरलात. बेरेटा १९३४, ९ मिमी शॉर्ट, म्हणजे तुमचं .३८० च.

जुनं_बाड

विसरलो नाही. यादीत सगळंच घालायचं नव्हतं. आणि ते वरच्यांच्या रांगेत बसवायचं तर नव्हतंच.

रोखठोक

रांग कोणी ठरवायची हाच तर

[प्रतिसादाचा उरलेला भाग व त्यावरचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागा रहस्यकथेतल्या पिस्तुलाचा आहे. त्या विषयावरचे आधीचे सहा धागे शोधून तिथे भांडावे. – संपादक]

पोदेर_आला

मी पाव द्यायला गेलो तेवढ्यात अकरा प्रतिसाद आले आणि गेलेसुद्धा? श्या.

कुळागर

सत्तरी तालुक्यातून लिहितोय, रेंज येते-जाते. पिस्तूल मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे पिकाच्या राखणीची बारा बोअरची एकनळी आहे, वडलांच्या नावावर होती, ते गेल्यावर आधी ठाण्यात जमा केली, मग माझ्या नावाचे कागद होईपर्यंत घरात नुसती खुंटी.

पंचनामा बाबांनी परवान्याचं सांगितलं, पण एक राहिलं. निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यारं पोलिसात जमा. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आमचं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. म्हणजे अख्खा काजूचा हंगाम बंदूक ठाण्यात आणि रानडुक्कर कुळागरात (बागायतीत). डुकराला आचारसंहिता कुणी वाचून दाखवत नाही. दोन वर्षांची लावलेली केळ एका रात्रीत नांगरून टाकली. डबे वाजवले, फटाके लावले. तिसऱ्या दिवशी फटाक्यांनाही सरावली.

बंदूक जमा केल्याची पावती मिळते, ती मात्र जपून ठेवावी लागते. माझी बायको ती पावती देवाच्या फोटोमागे ठेवते. तुमच्या कथेत कुणाकडे परवान्याचं पिस्तूल असेल तर निवडणुकीत ते घरात नसणार, एवढं बघा.

फेरीबोट

कुळागर बाब, तुमच्या केळीबद्दल वाईट वाटलं, पण तुम्ही माझी कथा सोडवलीत.

सांगतो. (ज्यांना दिवाळीतच वाचायची आहे त्यांनी इथे थांबा.)

काळ जूनऐवजी मे महिना, मतदान होऊन गेलेलं, निकाल यायचा आहे, वळवाचा पाऊस. पाहुणा म्हणजे भाटकाराचा जुना भागीदार. त्याच्याकडे परवान्याचं .३२ आहे, पण ते महिनाभरापूर्वीच ठाण्यात जमा, पावती खिशात. सगळ्यांच्या आधी तोच सुटतो. भाटकाराच्या पेटाऱ्यात वडलांची सॅव्हेज आहे, ती फक्त या भागीदारालाच ठाऊक, तरुणपणी दोघांनी एकदा बघितलेली. हत्यार तो घरातूनच काढतो. काडतूस तेवढं स्वतःचं आणतो. शंभर वर्षांपूर्वीचं पिस्तूल, पण ७.६५ ची काडतुसं अजून खडकीला बनतात, बरोबर ना? सायलेन्सर रद्द. आवाज झाकायला वळवाचा गडगडाट.

भाटकार खुर्चीसकट उलटत नाही. नुसता बघत राहतो. खुनीच घाबरतो, कारण त्यानेही सिनेमे पाहिलेत आणि माणूस पडतच नाहीये. दुसरी गोळी झाडायचं धाडस होत नाही, तो पळतो. भाटकार उठून कडी घालतो, दिवा मालवतो, खुर्चीत बसतो. सकाळी डॉक्टर हृदयविकार म्हणतो. मोलकरणीला झाडू मारताना सोफ्याखाली पुंगळी सापडते. बुडावर केएफ.

शवागारातला_चहा

छातीत लागली असेल तर सदऱ्यावर भोक राहील आणि डॉक्टर हृदयविकार म्हणणार नाही, इतकाही घाईत नसतो. कानामागे लावा. पण मग तो चालणार नाही.

फेरीबोट

अरे देवा. मग?

शवागारातला_चहा

काखेखाली. रेगनसारखी. म्हातारा माणूस, वर शाल. आतल्या आत रक्तस्राव, बाहेर बोटभर डाग. डॉक्टर शाल काढत नाही. चालून जाईल.

पंचनामा

आता माझं. पावतीवर नुसतं पिस्तूल नसतं, त्यासोबत दिलेल्या काडतुसांची संख्याही लिहिलेली असते. तुमच्या भागीदाराने परवान्यावर पंचवीस घेतली, जमा केली चोवीस, आणि कारकुनाने ती मोजून लिहिली. त्याला वाटतं पावतीने आपण सुटलो. फौजदार तीच पावती मागतो, परवान्यावरची नोंद शेजारी ठेवतो, आणि काही बोलत नाही.

'सराव करताना वापरली' असं तो म्हणेल. म्हणू दे. कुठे केला सराव, कुणासोबत, केव्हा, एवढंच विचारायचं. माणसं इथेच बसतात.

दहा_पॉइंट_नऊ

काका, हे फार भारी आहे. 'आणि काही बोलत नाही' हे तसंच ठेवा.

पावणेसात

फौजदाराचं नाव पंचनामा ठेवा. बूथरॉइडचा नियम.

पंचनामा

आडनाव वाटेल ते ठेवा, फक्त सिगरेट ओढणारा दाखवू नका. घरी वाचतात.

म्हापशाचा_मेजर

सदस्य व्हायला चार दिवस लागले, पासवर्ड सारखा चुकत होता. तो डासांच्या औषधवाला मीच. क्रिकेटच्या चेंडूचा हिशेब नातवाकडून तपासून घेतला, बरोबर आहे. औषध मागे घेतो. पण पॉइंट टू फाइव्ह खिशात घेऊन लढाईला मी जाणार नाही, एवढं नोंदवा.

धाग्याची वाचनखूण कशी साठवायची?

दिवाडकार

मी दिवाडीचा. कथा सुरेख होणार यात वाद नाही, पण एक सांगू? रात्रीच्या शेवटच्या फेरीतून एकटा, भिजलेला, ओळखीचा माणूस पलीकडे गेला तर फेरीबोटीवरचा खलाशी, धक्क्यावरचा गाडेवाला आणि माझी काकी अशा तिघांना रात्रीच कळतं. पुंगळी, पावती, खडकी हे सगळं सकाळी. माझ्या काकीला आधी काहीतरी करा. आणि जुनं घर, पुढे बाल्कांव, आत एकटे भाटकार असं आमच्या वाड्यावर एकच घर आहे, ते ठणठणीत आहेत, त्यांना हा धागा कुणीतरी वाचून दाखवलाय. विचारत होते, भागीदार कोण म्हणून.